बिनदाराच्या घरी सुतळी

माझे वडील, नाना, एका सरकारी खात्याच्या भांडारात स्टोअरकीपर होते आणि आमचे घरही त्यांनी भांडारासारखेच लावले होते. कपाटाला कुलूप होते, ट्रंकेला होते, सायकलीला होते. मागच्या अंगणातल्या नळाच्या तोटीला त्यांनी पत्र्याची टोपी करून घेतली होती आणि तिलाही एक छोटे कुलूप होते. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे. सकाळी मला जाग येई ती त्या जुडग्याच्या आवाजाने. मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येई, मग आईने भाकरी थापल्याचा. कुठे बाहेरगावी जायचे असले की नाना पुढच्या दाराला कुलूप लावून एकदा ओढून पाहत, चार पावले जात, परत येत, पुन्हा ओढत. आई फाटकापाशी पिशवी घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "ते कुलूपच आता तुम्हाला कंटाळलंय." नाना तिसऱ्यांदा ओढून पाहत. बोलण्याची त्यांना फारशी गरज पडत नसे. वस्तू आली, वस्तू गेली, शिल्लक किती, एवढ्यात त्यांचे बहुतेक संभाषण आटपे.

सावेडीत तेव्हा बंगल्यांच्या मध्ये ज्वारीची शेते होती. रस्त्याची आखणी झाली होती, रस्ता व्हायचा होता. सिमेंटचे मोठे पाइप कडेला आणून टाकले होते आणि ते जमिनीत जाईपर्यंत कॉलनीतल्या मुलांचा सगळा संसार त्यांत चाले. त्यांतल्या एका पाइपात एक कुत्री व्याली. पिल्ले डोळे उघडून चालायला लागली तशी एकेक करून लोकांनी नेली. एक राहिले. ते राहिले कारण ती मादी होती, आणि ती पूर्ण काळी होती. मादी म्हणजे पुढे पिल्लांचे लेंढार, आणि काळे जनावर म्हणजे उगाच शंका. दोन्ही मुद्दे कॉलनीत सर्वमान्य होते. मग तिची आईही दिसेनाशी झाली, आणि एका संध्याकाळी मी पिल्लाला फ्रॉकच्या घोळात घालून घरी आणले. नानांनी त्याला उचलले, उलटसुलट करून पाहिले, कान पाहिले, पंजे पाहिले. एकही पांढरा केस सापडला नाही. "तूट नाही," ते म्हणाले आणि खाली ठेवले. हीच परवानगी होती. भांडारातून आलेल्या खोक्याची सुतळी त्यांनी तिच्या गळ्यात सैल बांधली आणि तेच तिचे नाव पडले.

सुतळी आमच्याकडे आली तेव्हा माझ्या दोन ओंजळींत मावत होती. ती दुधात कुस्करलेली भाकरी खायची आणि हुलग्याच्या शेंगोळ्यांचे गार केलेले पाणी त्याहून आवडीने प्यायची. स्टोव्ह फुरफुरायला लागला की तिची मान एका बाजूला कलायची. नानांच्या किल्ल्यांचा आवाज आला की ती कुठूनही धडपडत यायची आणि जुडग्याच्या खाली बसून वर पाहत राहायची. नाना मुद्दाम जुडगा वाजवत असत, असे आई म्हणे. नानांनी ते कधी मान्य केले नाही.

त्या उन्हाळ्यात नानांना पहिल्यांदा रजा प्रवास सवलत मिळाली. त्यांनी लांबात लांबचे ठिकाण निवडले, कन्याकुमारी. खात्याच्या पैशाने जायचे तर रूळ संपेपर्यंत जावे, असा त्यांचा हिशोब होता. आईने पुण्याच्या पलीकडची रेल्वे पाहिलेली नव्हती. मी समुद्र पाहिलेला नव्हता. घरात आठवडाभर आनंद होता, आणि मग आईने भाकरी थापता थापता विचारले, "आणि हिचं काय?" सुतळी तेव्हा परातीखालच्या सावलीत झोपली होती.

आज मी सावेडीतच एका इमारतीत राहते. खालच्या मजल्यावरचे तरुण जोडपे फिरायला जाते तेव्हा त्यांचे कुत्रे गावाबाहेरच्या एका श्वान वसतिगृहात राहते. तिथे कॅमेरे आहेत. ते दोघे मनालीच्या बर्फात उभे राहून मोबाईलवर आपले कुत्रे झोपलेले पाहतात. मला ते मुळीच हास्यास्पद वाटत नाही. आम्हाला तशी सोय असती तर नानांनी कन्याकुमारीचा सूर्योदय अर्धाच पाहिला असता.

पण तशी सोय नव्हती. डावीकडच्या देशमुखकाकू म्हणाल्या, "तुमच्या तुळशीला पाणी घालीन, मोगऱ्याला घालीन. जनावर नको बाई." उजवीकडे एक निवृत्त हेडमास्तर राहत. ते म्हणाले, "दोन वेळा भाकरी टाकीन. पण घाण काढणार नाही." आई घरी येऊन म्हणाली, "ती तर आमच्याकडे पण एकच माणूस काढतं." नानांच्या भांडाराचा पहारेकरी सुतळीला ठेवायला आनंदाने तयार होता. नानांनीच नकार दिला. नोंद नसलेली वस्तू भांडारात ठेवता येत नाही, असे ते म्हणाले, आणि कुत्र्याची नोंद कोणत्या सदराखाली करावी याचा नियम त्यांना सापडला नव्हता. मी एक दिवस जेवले नाही. तिकिटे परत करा असे मी म्हटले, आणि ते कोणीही मनावर घेतले नाही.

सुमनमावशी त्याच दिवसांत कुरडया करायला आली. ती आईची धाकटी बहीण. तिला शनिशिंगणापूरला दिले होते. काका शेतकरी, घरी शेळ्या, दोन बैल आणि सासू. सासूला गावात सगळेच आजीबाई म्हणत. मावशी दर उन्हाळ्यात एक-दोन दिवस आमच्याकडे यायची, कारण आमच्या गच्चीला फरशी होती. पहाटे गव्हाचा चीक शिजायचा, त्याचा आंबूस वास घरभर पसरायचा, आणि वाटीत गरम चीक, वर तूप-साखर घालून आम्हाला मिळायचा. त्या दिवशी माझ्या वाटीतला चीक मी सुतळीला चाटवत होते. मावशी सोऱ्या दाबता दाबता पाहत होती.

"एवढं तोंड कशाला पाडलंय हिनं?" तिने आईला विचारले. आईने सांगितले.

"हात्तिच्या. दे माझ्याकडं. एवढ्या शेळ्या हायत, त्यात ही एक."

नाना गच्चीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "सुमन, तुझ्या घराला दार नाही."

"तुमच्या घराला हाय की, दाजी. मग तुमी का न्हाई ठिवत?"

आईने हसू लपवायला मान खाली घातली. नाना म्हणाले, "माणसांचं ठीक आहे. माणसाला उंबरा कळतो. पिल्लाला काय कळतो?"

"कळवीन म्या," मावशी म्हणाली. "दाजी, तुमची वस्तू तुमच्या हातात परत दीन. आजवर आमच्या घरातनं सुई गेली न्हाई."

नानांकडे दुसरा पर्याय नव्हता. त्यांनी होकार दिला, तोही असा, की जणू एखादी वस्तू वापरून परत येण्याच्या अटीवर देत आहेत.

प्रवासाच्या आदल्या दिवशी आम्ही सुतळीला घेऊन घोडेगावपर्यंत एसटीने गेलो आणि तिथून काकांच्या बैलगाडीने. शिंगणापूर तेव्हा आजच्यासारखे नव्हते. मोठी वाहनतळे नव्हती, दुकानांच्या ओळी नव्हत्या. शनिवारी आणि अमावस्येला गर्दी असे, एरवी ते आपले गावासारखे गाव होते. मावशीच्या घराला दगडी चौकट होती आणि चौकटीत काही नव्हते. रात्री कुत्री-मांजरे आत येऊ नयेत म्हणून चौकटीला एक फळी टेकवून ठेवत. नानांनी ती फळी हाताने हलवून पाहिली. मग त्यांनी पिशवीतून एक बारीक साखळी काढली, ती सुतळीच्या गळ्यात घातली, दुसरे टोक ओसरीच्या खांबाला गुंडाळले आणि खिशातून एक पितळी कुलूप काढले. साखळीची कडी मोडकी होती, म्हणून ते कुलूप आणले होते.

आजीबाई ओसरीवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "पाव्हनं, ते खिशात ठिवा."

"कडी नाही हो साखळीला."

"नसू दे. ह्या गावात त्ये लागत न्हाई. आन् लावलं तर चालत न्हाई."

"घराला नाही लावत. कुत्र्याला लावतोय."

"कुत्रं कुणाच्या घरात हाय?" आजीबाईंनी विचारले आणि पुन्हा शेंगा फोडायला लागल्या. काकांनी बैलाच्या दाव्यातली एक सोल, जाड दोरी, आणून सुतळीला बांधली. नानांनी कुलूप खिशात ठेवले. गाडीत बसल्यावर त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले. मी पाहिले नाही, कारण सुतळी ओरडत होती.

कन्याकुमारीबद्दल मला फार थोडे आठवते, हे कबूल करायला हवे. तीन रंगांची वाळू आठवते. केळीच्या पानावर ताक-भात आठवतो आणि आईने खोबरेल तेलातल्या भाजीला नाक मुरडलेले आठवते. प्रत्येक स्टेशनवर कुत्री होती आणि प्रत्येक कुत्र्याकडे मी पाहिले. परतीच्या गाडीत नानांनी स्वतःहून विषय काढला. "आता भाकरी अख्खी खात असेल," ते म्हणाले. घरी पोचल्यावर त्यांनी पेट्या उघडल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि मी शिंगणापूरला निघालो.

मावशी अंगणात होती. आम्हाला पाहून ती उठली नाही. नेहमी ती पाणी घेऊन अंगणाच्या टोकापर्यंत यायची. ओसरीच्या खांबाला सोल बांधलेली होती आणि तिचे दुसरे टोक मोकळे होते.

"गेली," मावशी म्हणाली. "आवसंच्या शनिवारी. लई गर्दी हुती. लोकं पाणी मागत हुती, म्या त्यांना पाणी देत हुते. मागं वळून बघतीय तर न्हाई. दाजी, निरोप कुठं धाडायचा हुता? कन्याकुमारीला?"

ती रडत नव्हती. रडून झालेले दिसत होते. काका म्हणाले की सगळी शिवारे पाहिली, विहिरी पाहिल्या, ओढा पाहिला. आजीबाई चुलीपाशी होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "आमच्या गावातनं वस्तू कुनी नेत न्हाई. सुनंचं ध्यान न्हवतं, दुसरं काय."

मला वाईट वाटलेच, पण त्या क्षणी मी सुतळीचा विचार करत नव्हते. मी नानांच्या तोंडाकडे पाहत होते. मावशीही पाहत होती, काकाही. सगळ्यांना ठाऊक होते की नाना आता काय म्हणणार. दाराचा विषय त्यांनी आधीच काढला होता, त्यांचे बरोबर ठरले होते, आणि आपले बरोबर ठरले की ते सांगण्याचा त्यांना अधिकार होता. मावशीने घराची शपथ घेतल्यासारखा शब्द दिला होता. पिल्लू चोरीला गेले म्हणावे तर गावाचा आणि देवाचा शब्द खोटा पडत होता. आपले आपण गेले म्हणावे तर सुनेने सांभाळले नाही हे पक्के होत होते. त्या घरात तिला अजून पुष्कळ वर्षे काढायची होती.

नाना म्हणाले, "शेवटचं कुणी पाहिलं?"

दाराचा विषय त्यांनी काढला नाही. तेव्हाही नाही आणि पुढे कधीच नाही.

मालाची तपासणी करावी तशी त्यांनी चौकशी केली. सोल तुटलेली आहे का, त्यांनी पाहिले. तुटलेली नव्हती, टोकाला दाताची खूणही नव्हती. ते टोक त्यांनी बोटांत फिरवले आणि खाली सोडले. मग आम्ही दोघे देवाच्या चौथऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दोन-चार दुकानांतून फिरलो. उदीड, नाल, रुईच्या माळा, तेल. एका तेलवाल्याने आठवून सांगितले. एक गिरणीवाला दर शनिवारी सायकलवर घोडेगावच्या बाजूने येतो. त्याच्या भुवयांतले पीठ कधी निघत नाही. अमावस्येला जाताना त्याच्या हँडलच्या पिशवीतून एका काळ्या पिल्लाचे डोके बाहेर आले होते. "मला वाटलं त्याचंच असंल," तेलवाला म्हणाला. "लई लाडानं बोलत हुता त्याच्याशी."

परत येऊन हे घरी सांगावे असे मला वाटले. नाना म्हणाले, "आधी वस्तू पाहू." काकांची सायकल घेऊन आम्ही निघालो, मी पुढच्या दांडीवर. ऊन चढले होते. गिरणी सापडायला वेळ लागला नाही, कारण तिचा आवाज लांबून येत होता. इंजिनच्या नळीवरचे पत्र्याचे झाकण पुक पुक वाजत होते. घोडेगावच्या अलीकडे एका वस्तीवर दोन खोल्या, एकीत गिरणी, एकीत बिऱ्हाड. गिरणीवाला दारात आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होता.

"एक काळं पिल्लू आहे का तुमच्याकडे?" नानांनी विचारले.

"हाय की. आत हाय," तो लगेच म्हणाला. "का वो?"

"कुठून आणलं?"

त्याने आम्हाला पोत्यावर बसवले आणि मोकळेपणाने सांगितले. त्याला साडेसाती होती. गिरणीचा पट्टा दोनदा तुटला, इंजिन एकदा बसले. कोणीतरी सांगितले, शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली भाकरी घाल. "आता काळं कुत्रं दर शनिवारी हुडकायचं कुठं? पांढरं घावतं, तांबडं घावतं. आन् काळं दिसलं की त्येच माझ्याकडं बघून पळतंय, मी असा भुतावानी. मग आवसंला शिंगणापुरात ह्ये दिसलं. देवाचं गाव, काळंभोर पिल्लू, उंबऱ्यावर एकलं बसलेलं. भाकरी घातली, तर पायात आलं. म्हनलं, देवानंच दिलं."

"कुणाच्या उंबऱ्यावर?"

"मोकळंच घर हुतं ते. दारबिर काय न्हवतं..." तो म्हणाला, आणि थांबला.

आपण काय बोललो ते त्याने ऐकले. पीठ असल्यामुळे चेहऱ्याचा रंग उडाल्याचे कळले नाही, पण खालचा ओठ हलायला लागला होता. तो पोत्यावर बसला. "म्हंजी म्या शिंगणापुरातनं चोरी केली," तो म्हणाला.

त्याची बायको मधल्या दारात उभी होती. "म्या म्हनलं हुतं, कुनाला तरी इचारा," ती म्हणाली. "तर म्हंत्यात, देवाला काय इचारायचं."

तिच्या मागून सुतळी बाहेर आली. ती मला ओळखून धावत आली असे लिहिणे सोपे आहे. तसे झाले नाही. ती वाढली होती, पोट टम्म होते, आणि अंगाला तेलाचा वास येत होता. तिने आधी नानांच्या चपला हुंगल्या, मग माझे गुडघे. मग नानांनी कमरेचा जुडगा हलवला. तेव्हा ती त्याच्याखाली बसली आणि वर पाहायला लागली. गिरणीवाल्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. तिला पिल्लाचा लळा लागला होता हे मला तेव्हा कळले नाही. आता कळते.

गिरणीवाला इंजिन बंद करून आला. त्याला लगेच, त्याच पावली शिंगणापूरला यायचे होते. चौथऱ्यापुढे उभे राहून सगळ्या गावाला ओरडून सांगायचे होते की चोर मी आहे. नानांनी त्याला दंडाला धरून खाली बसवले. एवढ्या जोराने त्यांनी कोणाला धरल्याचे मी पाहिले नव्हते.

"तुम्ही तिला खायला घातलं. जपली. मालक आला, लगेच दिली. यात चोरी कुठं बसते?"

"बसत न्हाई?"

"मी बावीस वर्षं भांडारात आहे. बसत नाही."

"देवाला कळंल का वो ह्ये?"

नाना देवळात जात नसत. आई गेली की ते बाहेर चपलांपाशी थांबत. ते म्हणाले, "कळेल. त्याचं काम माझ्यापेक्षा चोख असणार. पण गावात ओरडू नका. गुपचूप तेल वाहा आणि या."

परत येताना सुतळी माझ्या मांडीवर होती. मी विचारले, "नाना, घरी काय सांगायचं?" ते पायडल मारत राहिले. वस्ती मागे पडल्यावर म्हणाले, "बघतो कसं मांडायचं ते."

अंगणात सगळे होते. मावशीने सुतळीला पाहिले आणि तिचे हात खाली गेले. मी पिल्लू तिच्यापुढे केले. तिने ते घेतले नाही, नुसता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नाना ओसरीच्या कडेला बसले, पाणी प्यायले, आणि आजीबाईंना उद्देशून बोलायला लागले. चोरी झालेली नाही, ते म्हणाले. हरवलेलीही नाही. कोणाची हयगय नाही. भांडारात असे होते. वस्तू जागेवर दिसत नाही, म्हणून गहाळ म्हणावे तर तसे नसते, ती दुसऱ्या गोदामात नीट ठेवलेली असते. नेणाऱ्याला वाटते ती आपल्यासाठी आली, देणाऱ्याला वाटते ती जागेवर आहे. मोजणी झाली की माल मिळतो. नोंद फक्त इकडून तिकडे करायची. नानांनी एका दमात इतके बोललेले मी ऐकले नव्हते. काका माना डोलवत होते, आणि त्यांना काहीही कळले नव्हते.

आजीबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "पाव्हनं, तुमी सरळ मानूस. सरळ मानसानं येवढं लांबड लावू नये. सोल म्या सोडली हुती."

काकांची मान डोलायची थांबली.

"आवसंचा शनिवार. काळं जनावर. त्येला दाव्याला बांधून ठिवायचं मला पटलं न्हाई. म्हनलं, आजच्या दिस मोकळं ऱ्हाऊ दे. सुनंनं सोडताना बघितलं मला." त्या चुलीकडे वळल्या. "ती बोलली न्हाई. मंग म्या बी न्हाई बोलले. आता जेवून जावा. पिठलं टाकते."

मावशी तोवर खाली बसली होती आणि सुतळी तिच्या पदराचा काठ चावत होती. मावशीने सासूकडे पाहिले नाही, नानांकडेही नाही. इतके दिवस तिने ते एकटीने सोसले होते. बाजरीची गरम भाकरी, पिठले आणि लसणाची चटणी असे जेवण झाले. आजीबाईंनी नानांच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकली.

निघताना मावशी गाडीपर्यंत आली. नाना मला वर चढवत होते. ते तिला म्हणाले, "दिवाळीत आम्ही गावी जाणार आहोत. तेव्हा हिला इकडेच आणू."

"दाजी, उगा मला बरं वाटावं म्हणून बोलू नका."

"मी स्टोअरकीपर आहे," नाना म्हणाले. "कुणाला बरं वाटावं म्हणून माल देत नाही."

मावशी हसली. त्या दिवशी पहिल्यांदाच. मग तिला रडू आले, आणि काकांनी बैलांना उगाचच ओरडून गाडी हाकली.

दिवाळीला आम्ही खरेच सुतळीला मावशीकडे घेऊन गेलो. आई तेव्हा बरोबर होती. फराळाचा डबा होता, पिशवीत शेव, अनारसे. सुतळी आता उचलून न्यावी एवढी लहान राहिली नव्हती. गाडीतून उडी मारून ती थेट मावशीच्या घरात शिरली, शेळ्यांना भुंकून आली, पाण्याच्या घंगाळात तोंड घालून आली. बांधायला सोल आणावी का, असे काकांनी विचारले. नाना काही म्हणण्याआधी आजीबाई आतून शेंगांची पाटी घेऊन आल्या. त्यांनी पाटी उंबऱ्यापाशी ठेवली, चौकटीत पाठ एका बाजूच्या दगडाला टेकवून बसल्या आणि दोन्ही पाय दुसऱ्या दगडापर्यंत लांब केले. सुतळी त्यांच्या पायांपाशी आली, पाय हुंगत थांबली, आणि आतल्या बाजूला अंग टाकून झोपली.

"जावा आता निवांत," आजीबाई म्हणाल्या आणि शेंगा फोडायला लागल्या.